इंग्लंडमधल्या बर्थ सेंटरमध्ये बाळंतपण: बुकिंगपासून बारशापर्यंत काय काय करायचं

पहिलं बाळंतपण माहेरी, हे आमच्या घरात कुणी ठरवायला बसायचंच नाही, ते ठरलेलंच असायचं. माझ्या आईचं तसं झालं, मावश्यांचं झालं, बहिणीचं सांगलीत झालं. माझी दोन्ही मात्र इंग्लंडमध्ये झाली आणि दोन्ही वेळेला मी हॉस्पिटलच्या बर्थ सेंटरमध्ये नाव घातलं होतं. पहिल्या वेळी मधूनच लेबर वॉर्डला हलवावं लागलं, दुसऱ्या वेळी पाण्याच्या टबात मुलगी झाली. तेव्हापासून नव्याने इकडे आलेल्या किती मुलींचे फोन आले असतील, आणि प्रश्न अगदी तेच, डॉक्टर कधी बघणार, आईला आत घेतात का, नवऱ्याने आत थांबायचं म्हणजे काय करायचं, दुखायला लागलं तर तिथे काय देतात. म्हणून एकदा सगळं बैजवार लिहून ठेवतेय. हे इंग्लंडचं आहे, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये थोडंफार वेगळं असतं, आणि प्रत्येक हॉस्पिटलचे आपापले नियम असतात ते विचारून घ्यायचेच.

बर्थ सेंटर म्हणजे नक्की काय

इथे बाळंतपणाच्या चार जागा असतात. आपलं घर, गावात वेगळं असलेलं बर्थ सेंटर, हॉस्पिटलच्याच इमारतीत असलेलं बर्थ सेंटर, आणि डॉक्टरांचा लेबर वॉर्ड. मी बोलतेय ते तिसऱ्याबद्दल. ते पूर्णपणे मिडवाइफ चालवतात, डॉक्टर तिथे राउंडला येत नाहीत, पण लेबर वॉर्ड त्याच मजल्यावर किंवा एक मजला वर-खाली असतो. खोल्या घरातल्यासारख्या, मंद दिवे, मोठा टब, जमिनीवर गाद्या, मोठे चेंडू, आणि पलंग असलाच तर भिंतीला सारलेला कारण बाईने सतत आडवं पडून राहू नये हीच तिथली पद्धत आहे.

मिडवाइफ म्हटलं की आपल्या डोक्यात एक तर गावातली सुईण येते नाहीतर नर्स. इथली मिडवाइफ या दोन्हीपेक्षा वेगळी आहे. तिची तीन वर्षांची डिग्री असते, रजिस्ट्रेशन असतं, आणि सगळं नॉर्मल चाललेलं असेल तर बाळंतपणाची सगळी जबाबदारी तिचीच असते, ती डॉक्टरच्या हाताखाली काम करत नाही. त्यामुळे तुमची प्रेग्नन्सी साधी-सरळ असेल तर नऊ महिन्यांत तुम्हाला एकही गायनॅक दिसणार नाही असंही होऊ शकतं. माझी आई दर रविवारी व्हिडिओ कॉलवर विचारायची "अगं पण डॉक्टरांनी बघितलं का?" आणि मी दर रविवारी सांगायची की इथे असंच असतं. घरच्यांना हे सुरुवातीलाच नीट समजावून सांगा, नाहीतर त्यांना वाटतं आपल्या मुलीकडे कुणी लक्षच देत नाहीये.

हे सुरक्षित आहे का, तर याचा मोठा अभ्यास इंग्लंडमध्येच झालाय, २०११ साली आला, ६४ हजारांच्या वर लो रिस्क, म्हणजे कमी धोक्याची, बाळंतपणं त्यात बघितली होती. बर्थ सेंटरमध्ये बाळाला होणारा धोका लेबर वॉर्डपेक्षा जास्त दिसला नाही, आणि आईच्या बाबतीत सिझर, चिमटा लावणं, खालची जागा कापणं हे सगळं कमी झालं. पण त्याच अभ्यासात दुसराही एक आकडा आहे जो फारसं कुणी सांगत नाही, तो मी खाली ट्रान्सफरच्या भागात सांगितलाय, तो वाचल्याशिवाय ठरवू नका.

खर्चाचं थोडक्यात: तुम्ही वर्क व्हिसा किंवा डिपेंडंट व्हिसावर असाल आणि व्हिसाच्या वेळी हेल्थ सरचार्ज भरला असेल तर या सगळ्याचं वेगळं बिल येत नाही. व्हिजिटर व्हिसावर आलेल्या बाईला मात्र पूर्ण बिल लागतं आणि ते फार मोठं असतं.

टेस्ट पॉझिटिव्ह आली की

इथे कुणी सहाव्या आठवड्यात सोनोग्राफीला बोलवत नाही. जीपीकडे, म्हणजे आपल्या फॅमिली डॉक्टरकडे, जायचीही गरज नसते, हॉस्पिटलच्या वेबसाइटवर स्वतःच मॅटर्निटीचा फॉर्म भरायचा. लगेच भरा, कारण पहिली भेट, जिला बुकिंग म्हणतात, ती दहा आठवड्यांच्या आत व्हायला हवी. तोपर्यंत रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड चालू ठेवायचं, ते बाराव्या आठवड्यापर्यंत, आणि व्हिटॅमिन डी १० मायक्रोग्रॅम रोज, ते शेवटपर्यंत. सावळ्या कातडीला इथला ऊन पुरत नाही, त्यामुळे व्हिटॅमिन डी चुकवू नका.

बुकिंगला तास-दीड तास लागतो. खूप प्रश्न विचारतात, रक्त घेतात, एका नळीत फुंकायला लावून कार्बन मोनॉक्साइड मोजतात. दोन गोष्टी आपल्यासाठी खास महत्त्वाच्या. एक म्हणजे थॅलेसेमिया आणि सिकल सेलची तपासणी. तुम्ही कॅरिअर, म्हणजे त्या आजाराच्या वाहक, निघालात तर नवऱ्याचंही रक्त तपासतात. विदर्भातल्या किंवा नंदुरबारकडच्या मैत्रिणींना सिकल सेल माहीत असेलच, घरात कुणाला असेल तर ते आपणहून सांगा. दुसरी म्हणजे मिडवाइफ थोडा वेळ नवऱ्याला बाहेर थांबायला सांगते आणि घरात कुणी त्रास देतं का, मारहाण होते का असं विचारते. ते सगळ्यांनाच विचारतात. नवऱ्याने अपमान वाटून घेऊ नये, आणि तुम्हाला खरंच काही सांगायचं असेल तर ती जागा त्यासाठीच आहे.

इंग्लिशमध्ये बोलायला अवघड वाटत असेल तर इंटरप्रिटर मागा, तो फुकट असतो, फोनवरून मराठी किंवा हिंदी बोलणारं कुणीतरी मिळतं. नवऱ्याला दुभाषा करू नका, तो चांगला असला तरी निम्मं गाळून सांगतो.

याच भेटीत मॅटर्निटी एक्झेम्प्शन सर्टिफिकेट मागून घ्या, त्यावर प्रिस्क्रिप्शनची औषधं आणि एनएचएसचा, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेचा, डेंटिस्ट बाळ एक वर्षाचं होईपर्यंत फुकट. आणि स्पष्ट सांगा की मला बर्थ सेंटरमध्ये जायचंय. आत्ता सांगितलंत म्हणजे नंतर बदलता येत नाही असं नाही, पण नोट्समध्ये लिहिलेलं असलं की पुढे प्रत्येक भेटीत त्यावर बोलणं होतं.

पुढे पहिल्या बाळाला साधारण दहा भेटी असतात, दुसऱ्याला सात. बाराव्या आठवड्याच्या सुमारास एक स्कॅन, विसाव्याच्या सुमारास दुसरा, बस. आपल्याकडे दर महिन्याला सोनोग्राफी झालेल्या बहिणी-वहिनींशी तुलना करून घाबरू नका. विसाव्या आठवड्याला मुलगा की मुलगी हे बहुतेक ठिकाणी विचारलं तर सांगतात, आम्ही विचारलं नाही.

लो रिस्कमध्ये राहणं, आणि आपल्या बायका कुठे अडकतात

बर्थ सेंटरला एकच बाळ, डोकं खाली, ३७ ते ४२ आठवडे, बीपी ठीक, आधीचं सिझर नाही, बीएमआय फार जास्त नाही असं सगळं लागतं. आपल्या मुली साधारण तीन गोष्टींवर अडतात.

शुगर. दक्षिण आशियाई घराणं असणं हेच इथे रिस्क धरतात, म्हणून २४ ते २८ आठवड्यांत ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून टेस्ट करतात. उपाशीपोटी ५.६ किंवा दोन तासांनी ७.८ आली की जेस्टेशनल डायबेटिस. आपल्याकडचे आकडे मिलिग्रॅममध्ये असतात, म्हणजे ते अंदाजे १०० आणि १४०. औषध किंवा इन्सुलिन लागलं तर बहुधा लेबर वॉर्डच, पण नुसत्या खाण्यावर आटोक्यात राहिली तर काही सेंटर विचार करतात, म्हणून विचारा. डायटिशियन ब्रेड-पास्ताचा तक्ता देते, तिला सांगा की आम्ही भात, पोळी, पोहे, साबुदाणा खातो, त्यातलं काय किती ते सांग. उपवासाची साबुदाणा खिचडी त्या दिवसांत बाजूलाच ठेवा.

हिमोग्लोबिन. इथे ते ग्रॅम प्रति लिटरमध्ये सांगतात, म्हणजे आपलं ११ म्हणजे इथलं ११०. रिपोर्टवर १०२ बघून एक मैत्रीण खूश झाली होती, तिला वाटलं शंभरपैकी शंभराच्या वर आहे. १०५ च्या खाली असलं तर बर्थ सेंटरबद्दल चर्चा करावी लागते. लोखंडाच्या गोळ्या दिल्या तर संत्र्याच्या रसाबरोबर घ्या आणि चहापासून एक तास लांब, हे चहाचं मी स्वतः पाळत नव्हते आणि आकडा दोन महिने हलला नाही.

आणि तिसरं, खाज. हे फार कमी जणींना माहीत असतं. शेवटच्या महिन्यांत तळहात-तळपाय खाजायला लागले, रात्री जास्त, आणि अंगावर पुरळ नाही, तर त्याच दिवशी मॅटर्निटी ट्रायाजला, म्हणजे हॉस्पिटलच्या गरोदर बायकांसाठीच्या तातडीच्या विभागाला, फोन करा. लिव्हरचा एक त्रास असतो, कोलेस्टॅसिस, तो भारतीय वंशाच्या बायकांमध्ये जास्त आढळतो. तेल लावून झोप असं घरून सांगतील, तेल लावा पण फोन आधी करा.

बाळाची हालचाल हेही तसंच. "शेवटी शेवटी जागा कमी पडते म्हणून बाळ कमी हलतं" हे मला चार जणींनी सांगितलं आणि ते चूक आहे. शेवटपर्यंत बाळ आपल्या नेहमीच्या सवयीने हलायला हवं. कमी वाटलं किंवा वेगळं वाटलं तर रात्रीचे तीन का असेनात, फोन. थंड पाणी पिऊन, गोड खाऊन वाट बघत बसायचं नाही. तुम्ही पाच वेळा गेलात तरी कुणी रागावत नाही.

लसी: डांग्या खोकल्याची १६ आठवड्यांपासून, आरएसव्हीची (बाळाच्या श्वासाला त्रास देणारा विषाणू) २८ पासून, आणि थंडीच्या दिवसांत फ्लूची.

टूर आणि बर्थ प्लॅन

तिसाव्या आठवड्याच्या आसपास बर्थ सेंटर बघून या, नवरा बरोबर हवाच. विचारायचे प्रश्न असे: टब किती आहेत आणि दोघी एकदम आल्या तर काय, बरोबर किती माणसं थांबू शकतात, नवऱ्याला रात्री राहता येतं का, स्टाफ कमी असला की सेंटर बंद ठेवता का, बंद असेल तर मला कुठे पाठवणार. शेवटचे दोन प्रश्न विचारायला अवघड वाटतं पण विचारा, कारण स्टाफ नसल्यामुळे बर्थ सेंटर तात्पुरतं बंद असणं हे घडतं, आणि कळा चालू असताना ते पहिल्यांदा कळलं की माणूस कोलमडतो.

बर्थ प्लॅन एका पानाचा ठेवा. माझ्या दुसऱ्या वेळच्या कागदावर एवढंच होतं: मला टब हवा. तपासणी करायच्या आधी दर वेळी विचारा. बाळ झालं की सगळं नॉर्मल असेल तर सरळ माझ्या छातीवर द्या आणि नाळ लगेच कापू नका. वार पडण्यासाठीचं इंजेक्शन चालेल. व्हिटॅमिन के इंजेक्शनने द्या. मी शाकाहारी आहे. बाळ झाल्यावर माझी आई येईल, तिला इंग्लिश समजतं पण भराभर बोललेलं समजत नाही. आणि लेबर वॉर्डला जावं लागलं तर यातलं जेवढं तिथे जमेल तेवढं करा. हे शेवटचं वाक्य नक्की लिहा.

३४ आठवड्यांपासून खालच्या जागेची तेलाने मालिश करायला शिकून घ्या, मिडवाइफ दाखवते. आशियाई वंशाच्या बायकांना खोलवर फाटण्याचा धोका जास्त असतो असं इथले डॉक्टरच सांगतात, म्हणून ही मालिश आणि बाळ येताना गरम पाण्याच्या घडीचा शेक, दोन्ही प्लॅनमध्ये घाला. शेकायची गोष्ट आपल्याला नवी नाहीच.

नवऱ्याने काय करायचं, आईने काय करायचं

माझ्या मते सगळ्यात जास्त तयारी इथे लागते आणि सगळ्यात कमी इथेच होते. आपल्याकडे पुरुष बाहेर बाकड्यावर बसतो, इथे तो पूर्ण वेळ खोलीत असतो आणि त्याने काय करायचं हे त्याला कुणीच शिकवलेलं नसतं. अँटेनेटल क्लासला त्याला घेऊन जा, रजा काढून. त्याची कामं साधी आहेत पण ती घरी करून बघायला हवीत. कंबरेच्या खाली, माकडहाडाच्या वर, तळहाताने जोरात दाबून धरणं, ते दर कळेला करायचं, मला सगळ्यात जास्त आराम त्याने पडला. दर अर्ध्या तासाने घोटभर पाणी देणं. तासाभराने लघवीला जा म्हणणं, भरलेलं मूत्राशय बाळाच्या वाटेत येतं. कळा मोजणं. आणि मिडवाइफ काही विचारेल तेव्हा, बायको कळेत असेल तर "एक मिनिट थांबा" म्हणणं. व्हॉट्सॲपवर सांगलीला अपडेट देत बसणं हे काम नाही, फोन सायलेंट.

आई. बऱ्याच सेंटरमध्ये दोन माणसं बरोबर चालतात, आधी विचारून घ्या. आईचा व्हिजिटर व्हिसा सहा महिन्यांचा असतो, तारखेच्या तीन-चार आठवडे आधी येऊ द्या म्हणजे तिला थंडीची आणि घराची सवय होते, आणि तिचा इन्शुरन्स नक्की काढा कारण तिला इथे आजारपणात बिल लागतं. पण त्याआधी स्वतःला खरं उत्तर द्या, आई समोर असली की मला धीर येतो का मी तिच्याकडे बघून जास्त घाबरते. लेकीला कळा देताना बघणं आईला सोसत नाही, माझी आई पहिल्या वेळी खोलीच्या कोपऱ्यात रडत होती आणि मी कळांमध्ये तिला समजावत होते. दुसऱ्या वेळी तिने आपणहून ठरवलं, मोठ्याला घेऊन ती घरी राहिली, वरणभात करून ठेवला, आणि बाळ झाल्यावर डबा घेऊन आली. ते दोघींनाही मानवलं. सासूबाई आल्या असतील तर हेच सगळं आणखी स्पष्ट आणि आधी बोलून घ्यावं लागतं, आणि ते नवऱ्याने बोलायचं.

बॅगेत आपलं काय टाकावं: कॉटनचे गाऊन, केसांना रबर, नारळाचं तेल, शेंगदाणा लाडू, खजूर, थर्मासमध्ये जिऱ्याचं पाणी. बाळ झाल्यावर हॉस्पिटल चहा आणि टोस्ट देतं, तो फार छान लागतो, पण चार तासांनी पुन्हा भूक लागते. बाळाची कार सीट आधीच गाडीत बसवून बघा.

कळा सुरू झाल्यावर

सुरुवातीच्या कळा तासन्‌तास चालतात, पहिल्या बाळाला दीड दिवससुद्धा. तो वेळ घरी काढायचा, जेवायचं, झोपायचं, गरम पाण्याने अंघोळ करायची. साधारण दर पाच मिनिटांनी एक कळ आणि ती मिनिटभर टिकतेय असं तासभर झालं की फोन करायचा. दुसऱ्या बाळाला एवढं थांबू नका.

पण पाणी गेलं, रक्त गेलं, बाळ कमी हलतंय, डोकं दुखून डोळ्यांपुढे चमकतंय, ताप आहे, किंवा अजून ३७ आठवडे झाले नाहीत तर कळा मोजायच्या नाहीत, लगेच फोन. पाणी हिरवट किंवा तपकिरी असेल तर तेही सांगा, बाळाने आत शी केलेली असू शकते आणि मग बर्थ सेंटरऐवजी लेबर वॉर्ड लागतो. नुसतं स्वच्छ पाणी गेलं असेल तर तपासून घरी पाठवतात, १०० पैकी ६० बायकांना २४ तासांत आपोआप कळा येतात.

आता फोनवरचं. फोन तुम्ही स्वतः करायचा, कारण मिडवाइफ तुमचा आवाज ऐकते, कळेत बोलता येतंय का ते ऐकते. आणि इथे आपल्या मुली मार खातात. आपल्याला तक्रार न करता सोसायची सवय, त्यातून परक्या भाषेत बोलताना आपण जास्तच नम्र होतो, "आय ॲम ओके, सॉरी टू डिस्टर्ब यू" असं म्हणतो, आणि पलीकडून उत्तर येतं की मग अजून घरीच थांबा. माझं पहिल्या वेळी हेच झालं, दोनदा परत पाठवलं आणि तिसऱ्यांदा पोचले तेव्हा गर्भाशयाचं तोंड सहा सेंटिमीटर उघडलं होतं. म्हणून आकडे सांगा: किती मिनिटांनी, किती सेकंद, कधीपासून, पाणी कधी गेलं, बाळ शेवटचं कधी हललं. आणि यायचंच असेल तर सरळ म्हणा, मला आता घरी थांबायचं नाही, मी येतेय. याला उद्धटपणा म्हणत नाहीत.

खोलीत गेल्यावर

चार सेंटिमीटर आणि नियमित कळा असल्या की खरी सुरुवात धरतात. तिथून पुढे एक मिडवाइफ फक्त तुमच्यासाठी असते. ती दर पंधरा मिनिटांनी कळ संपल्यावर बाळाचे ठोके हातातल्या छोट्या यंत्राने ऐकते, पाण्यातही ऐकता येतात, आणि जोर द्यायची वेळ आली की दर पाच मिनिटांनी. पोटाला पट्टे बांधून ठेवत नाहीत, त्यामुळे चालता-फिरता येतं. आतली तपासणी दर चार तासांनी विचारून करतात, नको म्हणायचा हक्क तुम्हाला आहे.

दुखण्यावर काय मिळतं: गॅस अँड एअर, म्हणजे निम्मा नायट्रस ऑक्साइड आणि निम्मा ऑक्सिजन, नळीतून स्वतः ओढायचा. कळ सुरू होताक्षणी ओढायला लागायचं, ऐन भरात आल्यावर ओढून उपयोग नाही कारण त्याला चढायला अर्धा मिनिट लागतो. डोकं गरगरतं, मळमळतं, थांबवलं की उतरतं. दुसरा टब. कोमट पाण्यात शिरल्यावर कंबर सैल पडते ते शब्दांत सांगता येत नाही मला. काही ठिकाणी पेथिडिनसारखं इंजेक्शन देतात पण त्यानंतर दोन तास पाण्यात उतरता येत नाही. एपिड्युरल, म्हणजे पाठीतून देतात ती भूल, बर्थ सेंटरमध्ये मिळत नाही, त्यासाठी भूलतज्ज्ञ लागतो आणि तो लेबर वॉर्डला असतो.

ओरडा. इथे कुणी "तेव्हा नाही का कळलं" असलं काही बोलत नाही. दोन बाळंतपणांत मला एकदाही कुणी आवाज कमी कर म्हटलं नाही, आणि सांगलीत माझ्या बहिणीला जे ऐकून घ्यावं लागलं ते आठवून मला अजून वाईट वाटतं.

ट्रान्सफर

तो आकडा हा. हॉस्पिटललगतच्या बर्थ सेंटरमध्ये सुरुवात करणाऱ्या पहिलटकरणींपैकी १०० पैकी ४० जणींना बाळंतपणात किंवा लगेच नंतर लेबर वॉर्डला हलवावं लागलं. दुसऱ्या-तिसऱ्या बाळाला हेच १०० पैकी १२-१३. घाईचं कारण थोड्यांचं असतं, बहुतेक वेळा कळा मंदावतात, चार तासांत दोन सेंटिमीटरसुद्धा पुढे जात नाही, किंवा बाईला एपिड्युरल हवं असतं.

माझं तेच झालं. सहावर सात तास अडकले. व्हीलचेअर, एक लिफ्ट, एक कॉरिडॉर, पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. मिडवाइफ बरोबर आली, तिने नव्या मिडवाइफला माझा कागद वाचून दाखवला, एपिड्युरल मिळालं, चार तास झोपले आणि शेवटी व्हॅक्यूम लावून मुलगा झाला, छातीवरही लगेच मिळाला. तरी नंतर दोन महिने मला वाटत राहिलं की आपल्याला जमलं नाही. हे कुणी आधी सांगितलं असतं की दहातल्या चार जणींचं असंच होतं, तर मी स्वतःला एवढा त्रास दिला नसता. नंतर मला कळलं की हॉस्पिटलमध्ये मिडवाइफबरोबर बसून आपल्या नोट्स परत वाचता येतात, काय का झालं ते विचारता येतं, त्याला डीब्रीफ म्हणतात. दोन वर्षांनी केलं तरी चालतं. मी केलं, आणि दुसऱ्या वेळी बर्थ सेंटरला जायचं धाडस त्यातून आलं.

पहिला तास आणि पहिली रात्र

बाळ छातीवर, अंगाला अंग, वर टॉवेल. नाळ निदान एक मिनिट तरी ठेवतात. वार पडायला इंजेक्शन घेतलं तर अर्ध्या तासाच्या आत, आपोआप पडू दिली तर तासभरही लागतो. वजन, मोजमाप सगळं त्या तासानंतर. या तासात बाळ आपणहून दूध शोधतं, तेव्हा फोटो, फोन, बघायला येणारे सगळे थांबवा. चिकाचं पिवळं दूध चमचाभरच असतं आणि तेवढंच लागतं, "दूध आलं नाही, पावडर द्या" असं घरून कुणी म्हटलं तर मिडवाइफला बाळ नीट धरलंय का ते बघायला सांगा.

सगळं ठीक असेल तर सहा ते चोवीस तासांत घरी. निघण्याआधी किंवा ७२ तासांच्या आत बाळाचे डोळे, हृदय, कंबरेचे सांधे तपासतात.

घरी आल्यावर

दुसऱ्या दिवशी मिडवाइफ घरी येते किंवा फोन करते, पाचव्या दिवशी बाळाच्या टाचेतून रक्त घेतात आणि वजन करतात. दहा टक्क्यांपर्यंत वजन उतरणं नेहमीचं आहे. दहा ते चौदा दिवसांत हेल्थ व्हिजिटर, म्हणजे लहान मुलांच्या तब्येतीकडे बघणारी नर्स, येते. तुमचं मन ठीक नसेल, झोप लागत नसेल, रडू थांबत नसेल तर या दोघींना सांगा, त्या ते ऐकायलाच आलेल्या असतात.

कावीळ सावळ्या बाळाच्या कातडीवर पटकन दिसत नाही, डोळ्यांचा पांढरा भाग आणि हिरड्या उजेडात बघा. पहिल्या २४ तासांत पिवळं दिसलं तर तातडीचं समजायचं. कोवळ्या उन्हात धरणं हा कावीळीवर उपाय नाही, आधी मिडवाइफला फोन.

आता आईच्या पद्धती. यावर फार वाद होतात म्हणून मी आमच्या घरी काय ठरलं ते सांगते. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, बाळंतशोपा, गरम मऊ भात, तूप, कंबर बांधणं, सव्वा महिना आराम, आईच्या हातची मालिश, हे सगळं ठेवलं आणि मिडवाइफला ते ऐकून फार आवडलं, तिच्या मते इथल्या बायकांना असं कुणी सांभाळत नाही. पलंगाखालची शेगडी आणि धुरी बंद. इथली घरं बंदिस्त असतात, निखाऱ्याचा कार्बन मोनॉक्साइड वासाशिवाय जीव घेतो, आणि धूर बाळाच्या फुप्फुसाला वाईटच. शेक हवा तर गरम पाण्याची पिशवी, तुम्हाला, बाळाला नाही. मध एक वर्षापर्यंत चाटवायचा नाही, त्यातल्या जंतूंनी बाळाला गंभीर आजार होऊ शकतो. बाळगुटी आणि पाणी सहा महिने नाही. काजळात शिसं असू शकतं म्हणून डोळ्यात नाही. आई तीटसुद्धा सोडायला तयार नव्हती, मग ती पायाच्या तळव्याला लावायचं ठरलं, म्हणजे हातातून तोंडात जात नाही. हे सगळं मी सांगितलं असतं तर भांडण झालं असतं, म्हणून मिडवाइफ आली तेव्हा आईला शेजारी बसवलं आणि तिचे प्रश्न तिला विचारू दिले, नवऱ्याने भाषांतर केलं. बाईने बाईला सांगितलं, आईने ऐकलं.

राहिलेले कागद

बाळंतपणाच्या रजेसाठी ऑफिसात द्यायचं मॅट-बी-वन सर्टिफिकेट मिडवाइफ विसाव्या आठवड्यानंतर देते, ते मागावं लागतं. बाळाचा जन्म ४२ दिवसांच्या आत कौन्सिलमध्ये नोंदवायचा, म्हणजे नाव तोपर्यंत ठरलेलं हवं, बारसं बाराव्या दिवशी केलंत तर प्रश्नच नाही. इथे जन्मलं म्हणून बाळ आपोआप ब्रिटिश होत नाही, दोघंही वर्क व्हिसावर असाल तर भारतीय उच्चायोगात वर्षाच्या आत जन्माची नोंद करून पासपोर्ट काढावा लागतो.

आणि बीसीजी, म्हणजे क्षयरोगाची लस. भारतात ती जन्मतः देतात, इथे सगळ्या बाळांना देतच नाहीत, पण आई-वडील किंवा आजी-आजोबा भारतात जन्मलेले असतील तर आपल्या बाळाला ती मिळते, साधारण २८ व्या दिवसाच्या सुमारास. पत्र आपोआप यायला हवं. आमच्या मुलीचं आलं नाही. सहा आठवडे झाले तरी आलं नाही तर हेल्थ व्हिजिटरला फोन करा आणि अपॉइंटमेंटची तारीख घेऊनच फोन ठेवा.